तीनशे दोनमधून आलेला डबा

आमच्या ओट्याखालच्या कप्प्यात नेहमी दुसऱ्यांचे डबे साठलेले असतात. एक परत द्यायला जावं, तर दोन नवे घेऊन यावं लागतं. तीनशे दोनमधल्या लोकांचे किस्से असेच साठत गेले. एक बाहेर काढला की त्याच्यामागून दुसरा खडखडत येतो. मी ते कुणाला सांगत नाही म्हणा. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसाच बसतो. आई सांगते, पण ती शेवट आधी सांगून टाकते आणि मग मधलं आठवत बसते. म्हणून लिहूनच ठेवते आहे.

आम्ही बिबवेवाडीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर, तीनशे एकमध्ये. आई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. त्या शाळेत दोन वर्षं काम करायला परदेशातून तीन व्हॉलंटियर आले: केनियाची वांजिरू, जर्मनीचा योनास आणि जपानची युई. तिघंही विशीतले. आमच्या समोरचा तीनशे दोन रिकामाच होता. आईने मालकांना फोन केला, शाळेने भाडं ठरवलं, आणि मग प्रश्न आला सोसायटीचा.

सोसायटीने ना-हरकत पत्र दिलं, पण फक्त अकरा महिन्यांचं. "बघू कसे राहतात. पुढचं सभेत ठरेल," असं. सभेने नाही म्हटलं, आणि दुसरी जागा मिळाली नाही, तर शाळा तिघांना परत पाठवणार होती. आईने लिहून दिलं, "या तिघांची जबाबदारी माझी." बाबा म्हणाले, "माझ्याशी लग्न करताना तू एवढं लेखी दिलं नव्हतंस!"

आमचे सेक्रेटरी म्हणजे गोगटे काका. दोनशे दोनमध्ये, म्हणजे व्हॉलंटियरांच्या बरोबर खाली, एकटेच राहतात. सतरा वर्षं सेक्रेटरी आहेत. अलीकडे त्यांचं एकच वाक्य सगळ्या सोसायटीला पाठ झालं आहे: "तोंडी चालणार नाही. लेखी द्या!" पाणी येत नाही? लेखी द्या. लिफ्टमध्ये कोणी अडकलंय? बाहेर आल्यावर लेखी द्या.

काकांच्या नोटिसा मी लिहिते. हे काम खरं तर बाबांचं, कारण कमिटीत ते आहेत. पण बाबांचं अक्षर बाबांनाही लागत नाही. काका सांगतात, मी वही धरून लिहिते. मी काही विचारलं तर ते म्हणतात, "नाव गार्गी ठेवलंय आणि तोंडातून शब्द नाही!" मग मी पुन्हा विचारत नाही.

* * *

पहिल्याच रविवारी आईने तिघांना पोळ्या शिकवायला बोलावलं. (ते इंग्रजी, थोडं मराठी आणि बरंचसं हातवारे करून बोलायचे. मी सगळं मराठीतच लिहिते.)

योनासची पोळी बघून बाबा म्हणाले, "हा कुठल्या देशाचा नकाशा?" युईने केली ती इतकी छोटी झाली, की आईने ती पापडाच्या डब्याजवळ नेऊन मापली. वांजिरू मात्र गप्प बसून बघत होती. तिची पाळी आली तेव्हा तिने उंडा घेतला, लाटला, तेल लावलं, गुंडाळी केली, पुन्हा लाटला आणि तव्यावर टाकला. पोळी फुगली! एक एक पदर सुटा.

आई लाटणं हातात धरून बघतच राहिली. "अगं, तुला येतात?"

"आमच्याकडे चपातीच म्हणतात," वांजिरू म्हणाली. "पण आम्ही सणाला करतो. ख्रिसमसला. लग्नात. पाहुणे आले तर. लहानपणी चपाती आहे म्हटलं की आम्ही रस्त्यावरून पळत घरी यायचो."

आई रोज सकाळी सहाला उठून वीस पोळ्या लाटते, आणि मी त्यातली एक डब्यात तशीच परत आणायचे.

त्या रात्री वांजिरूने घरी फोन केला. तिची आई काळजीत होती, मुलगी परक्या देशात नीट जेवते की नाही. वांजिरूने तिला सांगितलं, "समोरच्या घरात रोज ख्रिसमस असतो!"

दुसऱ्या दिवशीपासून मी डब्यातली पोळी परत आणली नाही.

* * *

योनास इतका उंच, की त्याचं डोकं आमच्या दाराच्या चौकटीला रोज एकदा तरी आपटायचं. पण माणूस असा, की दाराला "सॉरी" म्हणेल.

एकदा आईने त्याला आणि मला मंडईत पाठवलं. एका मावशींकडे त्याने मेथी, कांदे, मिरच्या घेतल्या. पिशवी भरून झाल्यावर मावशींनी त्यात मूठभर कढीपत्ता टाकला. योनासने तो बाहेर काढून परत दिला. "हा मी घेतला नाही."

मावशींनी पुन्हा टाकला. त्याने पुन्हा काढला.

"अरे, हा तसाच असतो!"

"तसाच म्हणजे?"

आजूबाजूला माणसं जमली. मी सांगायला हवं होतं, पण माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी नुसती भोपळ्याकडे बघत राहिले. शेवटी मावशींनी योनासचं मनगट धरलं आणि कढीपत्ता त्याच्या मुठीत कोंबला. "तुझी आई आली असती, तर तिने नको म्हटलं असतं का? गप घरी ने!"

योनास बसमध्ये सगळा वेळ ती मूठ धरून बसला होता. मग म्हणाला, "त्यांना माझी आई माहीत नाही. तरी त्यांनी तिला कढीपत्ता दिला."

पुढच्या रविवारी तो एकटाच मंडईत गेला, स्वतः भाजलेला जर्मन पाव घेऊन. काळपट, लहानशा विटेएवढा, आणि वजनालाही साधारण तेवढाच. मावशींनी तो हातात तोलून बघितला आणि विचारलं, "हा खायचा, की तराजूत ठेवायचा?"

योनासने आम्हाला हे आनंदाने सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "चहात बुडवला की बरा लागतो. पण चहा दोन कप लागतो."

* * *

गणपतीत तिघंही आमच्याकडे जेवायला होते. आईने तळणीचे नाही, उकडीचे मोदक केले होते. आईचा आग्रह म्हणजे काय, हे आमचे नातेवाईक जाणतात. माझा एक मामा जेवणाआधी पट्टा सैल करूनच पाटावर बसतो.

युई हळू आवाजात म्हणाली, "नको, पुरे." आई म्हणाली, "एक घे." युई वाकून म्हणाली, "खरंच नको." आई म्हणाली, "अर्धा." युई पुन्हा वाकली. मग आईने पूर्ण मोदक वाढला आणि युईने अगदी समाधानाने खाल्ला. नंतर कळलं, की त्यांच्याकडेही पहिल्यांदा हो म्हणत नाहीत. दोघी एकमेकींना न सांगता अगदी बरोबर खेळत होत्या!

योनास मात्र हे सगळं टिपत होता. त्याने पहिल्यापासून सरळ "हो" म्हटलं होतं आणि त्याच्या पोटात सात मोदक गेले होते. शेवटी त्याने फार गंभीरपणे विचारलं, "काकू, हो म्हटलं तरी मोदक येतो. नको म्हटलं तरी येतो. मग येऊ नये म्हणून काय म्हणायचं?"

"काही म्हणायचं नाही," आई म्हणाली. "उठायचं."

आणि तो उठेपर्यंत आठवा पानात पडला होता.

* * *

मला त्यांच्या घरी जायला आवडायचं त्याचं कारण वेगळंच होतं. ते तिघं शाळेत दिवसभर खुणांनी बोलायचे आणि ती सवय घरीही सुटायची नाही. जेवताना तर नाहीच. तोंडात घास असला तरी हात मोकळे! वांजिरू तिकडून मीठ मागायची, योनास इकडून दिवसभराची गोष्ट सांगायचा, युई खांदे हलवत हसायची, आणि घरात आवाज फक्त वाट्यांचा.

महिन्याभरात मलाही खुणा यायला लागल्या. मग असं झालं की मी बोलतच सुटले. शाळेतल्या बाईंची नक्कल, बसमधलं भांडण, सगळं. घसा बसायचा प्रश्नच नव्हता.

एकदा मी एक लांबलचक गोष्ट सांगितली. संपली तेव्हा तिघांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि पंजे मनगटातून गरागरा फिरवले. शाळेतली मुलं टाळ्या अशा वाजवतात. ऐकू येत नाही, पण दिसतं.

आई दारात डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ही आमची गार्गी? एवढी बडबडी?"

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग तिला सांग, घरी पण हात धुऊन बोलत जा."

* * *

महिन्यातल्या एका रविवारी शाळेची दहा-बारा मुलं तीनशे दोनमध्ये जेवायला यायची. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना खुर्ची ओढल्याचा आवाजही कळत नाही, हे उघड आहे. पण दोनशे तीनमधल्या देवधर काकांना कळायचा. त्यांनी तक्रार दिली. अर्थातच लेखी. "तीनशे दोनमध्ये फर्निचरची रोज फरफट चालते. सभेत कडक निर्णय व्हावा." आई म्हणते की देवधर काकांना तो फ्लॅट त्यांच्या मेहुण्यासाठी हवा होता. मला माहीत नाही.

ही तक्रार बोर्डावर लावायला मीच लिहून काढली. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. अक्षर मुद्दाम खराब काढलं, तर गोगटे काकांनी कागद फाडला आणि म्हणाले, "पुन्हा."

योनासने तक्रार युईकडून वाचून घेतली. (मराठी वाचायला ती सगळ्यांत आधी शिकली.) मग तो गच्चीवर गेला आणि कोपऱ्या-कोपऱ्यात पडलेले टेनिसचे जुने बॉल गोळा करून आणले. प्रत्येकाला चीर पाडली आणि चोवीसच्या चोवीस पायांना एकेक बसवला. सहा खुर्च्या, एकदम गप्प!

संध्याकाळी बेल वाजली. दारात सोसायटीची क्रिकेट टीम उभी. कॅप्टन म्हणाला, "काका, तुमच्या खुर्च्यांनी आमचे बॉल घातलेत."

योनासला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काका म्हटलं होतं. तो इतका खूश झाला की त्याने टीमला नवे बॉल आणून दिले आणि रविवारी स्वतः विकेटकीपर झाला. ग्लोव्हज लागलेच नाहीत, एवढे मोठे हात.

* * *

आता डब्याचं सांगते.

वांजिरूला आईने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, की शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. काहीतरी घालायचं, चिमूटभर साखर असली तरी चालते. वांजिरूला ही गोष्ट इतकी पटली, की आमच्या दोन घरांमध्ये एक स्टीलचा डबा कायम जात-येत राहिला. आईचं नाव घातलेला, कडेला थोडा चेपलेला. इकडून साबुदाण्याची खिचडी, तिकडून युईचा भात. इकडून थालीपीठ, तिकडून योनासचा बटाटा. मी दोन्हीकडची हमाल.

मग वांजिरूच्या मनात आलं, की खालच्या काकांनाही डबा द्यायचा. सभेत त्यांचं मत महत्त्वाचं म्हणून नाही. "ते एकटे जेवतात," एवढंच ती म्हणाली.

पहिला डबा मी गोगटे काकांच्या दाराला अडकवून आले. दुसऱ्या दिवशी तो परत आला. घासलेला, पुसलेला, आणि रिकामा. आत चिठ्ठी: "डबा परत. आभार. तसदी घेऊ नये."

आई म्हणाली, "जाऊ दे. खडूसच आहेत ते."

वांजिरूने दुसरा पाठवला. परत. रिकामा. तिसरा. रिकामा. चौथ्याला चिठ्ठीही नव्हती. मी लाजेने रिकामा डबा वांजिरूला उशिराने नेऊन द्यायचे, म्हणजे खाली कमी वेळा जायला लागेल.

पाचव्या वेळी वांजिरू म्हणाली, "चल, मी येते."

गोगटे काकांचं आतलं दार उघडं असतं, फक्त जाळीचं दार लावलेलं. काका आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. मी बेल वाजवली. ते हलले नाहीत. पुन्हा वाजवली. हलले नाहीत. मी वांजिरूला खूण केली, "बघ! मुद्दाम करतात. सगळ्यांशी असंच वागतात." आणि खरं होतं ते. जिन्यात कुणी "नमस्कार काका" म्हटलं तर ते सरळ निघून जायचे. देवधर काकू म्हणायच्या, "शिष्ट!"

वांजिरू मात्र काकांकडे टक लावून बघत होती. मग तिने मोबाईलचा टॉर्च लावला आणि जाळीतून काकांच्या समोरच्या भिंतीवर उजेड पाडला. दोनदा लावला, दोनदा विझवला. शाळेत मुलांना असंच बोलावतात.

काका चटकन वळले!

मी बेलवरचं बोट काढायला विसरले होते. बेल अजून वाजतच होती.

पुण्यात हाक मारल्यावर कुणी ओ दिली नाही, तर त्या माणसाला ऐकू येत नसेल, असं कुणाच्या मनात तरी येतं का? सतरा वर्षांचे शेजारी आम्ही. ओळखलं केनियाच्या मुलीने, पाच डब्यांत.

काकांनी दार उघडलं. वांजिरू उजेडात, त्यांच्या अगदी समोर उभी राहिली आणि हळूहळू, ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "काका, किती दिवस झाले?"

काकांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "दोन वर्षं." आणि लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. "कुणाला सांगायचं नाही! सेक्रेटरीला ऐकू येत नाही म्हटल्यावर तो देवधर सभेत काय वाटेल ते पास करून घेईल. दुसऱ्या दिवशी मला खुर्चीवरून उतरवतील. सोसायटी सोडून मला दुसरं आहे काय?" मग मला वरून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुझी काळजी नाही. तू बोलतच नाहीस."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "तोंडी चालणार नाही. लेखी द्या!"

त्या दिवशी डबा परत आला तो रिकामा नव्हता. आत एक लिंबू होतं. एकच.

* * *

कानाचं मशीन काकांकडे आधीपासून होतं. मुलीने बंगळूरहून आणून दिलेलं. ते कपाटात, मोज्यांच्या खणात. "शिट्टी वाजवतं," हे त्यांचं म्हणणं. वांजिरूने ते शाळेत नेऊन तिथल्या बाईंकडून नीट बसवून आणलं आणि काकांना तीनशे दोनमध्ये सवयीला बसवलं. आधी पाच मिनिटं, मग दहा. घराबाहेर मात्र ते घालायला काका तयार नव्हते. "सभा होऊ दे. मग बघू."

ते सवयीला बसायचे ते जेवणाच्या वेळी, हा योगायोग नसावा.

एकदा वांजिरूने उगाली केली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत चिरून परतलेली पालेभाजी. हाताने गोळा मोडायचा, बोटाने खळगा करायचा, त्यात भाजी घ्यायची. काकांनी घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. काका म्हणाले, "यात तिखट नाही, मीठ नाही, फोडणी नाही."

वांजिरूचा चेहरा उतरला.

"म्हणजे बिघडायला जागाच नाही," काका म्हणाले. "वाढ."

मी आईला म्हटलं, काकांनी असं कौतुक याआधी कुणाचं केलं होतं? आई म्हणाली, "बायकोचं. एकदा. तेही ती माहेरी असताना."

* * *

आणि मग सभा आली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वेफर्स, चहाचा थर्मास. मी काकांच्या शेजारी वही घेऊन, मिनिट्स लिहायला. मागे खांबापाशी वांजिरू, योनास आणि युई उभे होते. बसायच्या खुर्च्या सभासदांसाठी असतात. आई पहिल्या रांगेत होती आणि तिने रुमालाला इतक्या गाठी मारल्या होत्या की तो नंतर सुटलाच नाही.

विषय क्रमांक चार. तीनशे दोनचं ना-हरकत पत्र.

देवधर काका उठले आणि त्यांनी दोन पानी कागद पुढे केला. "नियमाप्रमाणे लेखी आणलंय."

गोगटे काका म्हणाले, "लेखी नको. तोंडी सांगा."

गेल्या दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वेफर्स चावणारेही थांबले.

काकांनी खिशातून छोटी डबी काढली. डबीतून मशीन काढलं. सगळ्यांच्या देखत ते कानात बसवलं, बोटाने दाबलं आणि म्हणाले, "हं. आता बोला."

"म्हणजे?" देवधर काका म्हणाले. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"दोन वर्षं. गार्गी, मिनिट्समध्ये घे."

मी घेतलं.

"मग आवाज होतो की नाही, हे तुम्ही कसं ठरवणार?"

"म्हणून तर काल संध्याकाळी हे लावून वही घेऊन बसलो होतो. बरोबर खालच्या खोलीत." काकांनी वही उघडली आणि वाचायला लागले. "सात दहा: कुकर, चार शिट्ट्या, तीनशे एक." आईने मान खाली घातली. "सात चाळीस: तीनशे दोन, खुर्ची, एकदा. मऊ. आठ: वरून कुणीतरी हसलं. आठ ते दहा, अखंड: एक बाई सुनेला विष घालते आहे. दोनशे तीन, टीव्ही."

"अजून घातलं नाहीये!" देवधर काकू मागून म्हणाल्या. "उद्या घालणारे!"

हशा इतका झाला, की चहावाल्याने तीनदा विचारलेलं कुणाला कळलं नाही. देवधर काका खाली बसले. काका म्हणाले, "हात वर करा." हात वर झाले. देवधर काकूंचासुद्धा.

मग काकांनी मला ठराव सांगितला आणि मी नेहमीसारखा लिहिला. लिहून झाल्यावर वही त्यांच्यापुढे केली, नेहमीसारखी. त्यांनी ती घेतली नाही.

"वाच."

मी आईकडे बघितलं. मग मागे खांबाकडे. मग उभी राहिले आणि वाचायला लागले.

"थांब," काका म्हणाले. "मशीन लावूनसुद्धा तुझा आवाज येत नाही. मोठ्यांदा!"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "तीनशे दोनमधील रहिवासी वांजिरू, योनास आणि युई यांना पुढील अकरा महिने राहण्यास सोसायटीची हरकत नाही." पार्किंगच्या भिंतीवर आपटून माझाच आवाज मला परत ऐकू आला. मी शेवटपर्यंत वाचलं. तारीखसुद्धा.

खांबापाशी तीन माणसांचे सहा हात डोक्यावर गेले आणि मनगटातून गरागरा फिरायला लागले.

"अहो, मतदान झालं की मघाशीच!" देवधर काका वैतागून म्हणाले. "आणि ते सभासद नाहीत!"

गोगटे काकांनी मशीन काढून डबीत ठेवलं, डबी खिशात ठेवली, आणि आपले दोन्ही हात वर केले.